एक कॉरिडॉर, चौदा रात्री

मनोरुग्णालयात घडणारा कृष्णधवल थरारपट, लांबी ८८ मिनिटं, एकूण खर्च ३९ लाख ४० हजार. पटकथा जानेवारी २०२४ मध्ये पक्की झाली, चित्रीकरण डिसेंबरात झालं आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र ऑगस्ट २०२५ मध्ये हातात आलं. कमी पैशात नॉयर (अंधार आणि गडद सावल्यांवर उभा राहणारा थरारपट) करायला निघालेल्यांना उपयोगी पडावं म्हणून कुठे अडलो, किती थांबलो, काय खर्च आला ते क्रमाने लिहीत आहोत.

पहिले तीन महिने गोष्टीचा काळ ठरवण्यात गेले. आजच्या काळात नवरा बायकोला सहज मनोरुग्णालयात टाकतो असं दाखवलं, तर गोष्ट कायद्यापाशीच कोसळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाच्या संमतीविना दाखल करायचं तर दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो आणि पहिली मुदत ३० दिवसांचीच असते. साखळीने बांधणं आणि भूल न देता विजेचे झटके देणं, दोन्हींवर बंदी आहे. म्हणून कथा १९७९ मध्ये नेली. तेव्हा १९१२ चा कायदा लागू होता. नवरा, बायको किंवा नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचे, सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे आणि मॅजिस्ट्रेट रिसेप्शन ऑर्डर, म्हणजे दाखल करून घेण्याचा हुकूम, काढायचे. दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलेलं हवं आणि तपासणी अर्जाच्या आधीच्या सात दिवसांतली हवी, अशी अट होती. आमच्या गोष्टीची किल्ली तिथेच सापडली. गिरणीच्या हिशेबात घोटाळा शोधणारी बाई आत जाते, आणि तिच्या दोन दाखल्यांपैकी एक नऊ दिवस जुना असतो. पडद्यावर भीती वाटते ती त्या तारखेची आणि खालच्या सहीची. रुग्णांना बुजगावणं करून भीती दाखवायची नाही, हे त्याच दिवशी ठरलं. पुढचे बरेचसे निर्णय, पैशाचे धरून, त्यावरूनच सोपे झाले.

वकिलाकडून पटकथा वाचून घ्या. आम्हाला १८ हजार लागले, पण 'कोर्टात असं होत नाही' हा शेरा एडिटच्या टेबलावर ऐकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

खऱ्या मनोरुग्णालयात चित्रीकरण करायचं नाही, हेही लवकर ठरलं. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाण्याची जुनी इमारत पाहिली की कुठल्याही कॅमेरामनचा हात शिवशिवतो. पण तिथे माणसं राहतात. उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत देता येत नाही, हे कायद्यातच आहे, आणि आपल्या दिव्यांसाठी कुणाच्या झोपेची वेळ बदलायला लावणं बरं नव्हे. आम्ही बंद पडलेल्या नर्सिंग होमच्या शोधात निघालो. मुंबईत अशी बरीच आहेत, वारसांच्या वादात अडकलेली. मे महिन्यात भांडुपला एक मिळालं. तळमजला अधिक एक, ४२ फूट लांब आणि ७ फूट रुंद कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या.

जागा दोन भावांच्या नावावर होती आणि एक परदेशात. एकाच्या सहीवर करार करू नका, चित्रीकरणाच्या तिसऱ्या दिवशी दुसरा दारात उभा राहिला तर पॅकअप होतो. परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत पाच आठवडे गेले. करार करेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, आणि १०० चा मुद्रांक आता चालत नाही, ५०० चा लागतो, हे ऑक्टोबर २०२४ मधल्या बदलामुळे कळलं. भाडं १८ दिवसांचं १ लाख ९० हजार, त्यात रंगकामाचे दिवस धरलेले. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: भिंतींना रंग देण्याची परवानगी, परत कोणत्या रंगात जागा द्यायची ते, आणि विजेच्या मीटरचं पहिल्या व शेवटच्या दिवसाचं रीडिंग फोटोसह. बंद नर्सिंग होममध्ये जुन्या सुया, सलाईनच्या नळ्या, फुटक्या बाटल्या हमखास निघतात. तो जैववैद्यकीय कचरा आहे, पालिकेच्या डब्यात टाकता येत नाही. अधिकृत संकलन करणाऱ्यांना बोलावून उचलून नेल्याशिवाय आम्ही सेट उभारणाऱ्या आर्टवाल्यांना आत सोडलं नाही.

पावसाळ्यात चित्रीकरण ठेवायचं नव्हतंच, पत्र्यावरच्या पावसात सिंक साउंड (चित्रीकरणाबरोबरच आवाज रेकॉर्ड करणं) होत नाही. नोव्हेंबरचा बेत विधानसभा निवडणुकीमुळे पुढे गेला. २० तारखेला मतदान आणि २३ ला मोजणी, त्या काळात पोलीस बंदोबस्तात असतात. परवानग्यांचे अर्ज राज्याच्या फिल्म सेलच्या एकखिडकी संकेतस्थळावर केले. आमची जागा खासगी, रस्त्यावर फक्त दोन रात्री, तरी स्थानिक पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन पत्र दिलं आणि पोच घेतली. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सचिवांनाही तारखा लिहून दिल्या, खाली मोबाइल नंबर. पाचव्या रात्री अडीच वाजता तक्रारीचा फोन आला तो आम्हाला आला, नियंत्रण कक्षाला नाही, एवढा त्या पत्राचा उपयोग.

आता दिव्यांकडे येऊ, कारण नॉयर तिथेच जमतो किंवा बिघडतो.

रुग्णालय म्हणजे पांढऱ्या भिंती, आणि पांढरी भिंत नॉयरची वैरी. एक दिवा लावला की उजेड चारी भिंतींवरून परत येतो आणि सावली राखाडी होते. जुन्या सरकारी दवाखान्यांत खाली चार-साडेचार फुटांपर्यंत हिरवा ऑइल पेंट असतो, तो आमच्या मदतीला आला. खाली गडद हिरवा, वर मळकट करडा डिस्टेंपर. चित्रीकरण रंगीतच करा आणि कृष्णधवल डीआयमध्ये, म्हणजे नंतर संगणकावर रंग ठरवण्याच्या टप्प्यात, करा. रूपांतर करताना लाल चॅनलचा (चित्रातल्या लाल रंगाच्या माहितीचा) वाटा वाढवला की हिरवा पट्टा जवळजवळ काळा होतो आणि चेहऱ्याची कातडी उजळते, म्हणजे माणूस भिंतीपासून आपोआप सुटून पुढे येतो. निळ्या चॅनलचा वाटा कमीत कमी ठेवा, टंगस्टनच्या (तारेच्या पिवळसर बल्बच्या) उजेडात सगळ्यात जास्त नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, तिथेच असतो. रंगाचा निर्णय आधी कॅमेऱ्यावर पाहून घ्या. आम्ही तीन हिरव्यांचे दोन बाय दोन फुटांचे प्लाय रंगवले, शेजारी नटीला उभं केलं आणि सर्वांत स्वस्त हिरवा निवडला. रंगकामाला ४६ हजार गेले, पण त्या पैशात निम्मे दिवे वाचले.

गजांची सावली म्हणजे खिडकीचे उभे पट्टे भिंतीवर आणि चेहऱ्यावर. पहिल्या चाचणीत ती नुसती धुरकट पट्ट्यांची झाली. एक किलोवॅटचा बेबी (पुढे भिंग असलेला छोटा फिल्मी दिवा), भिंग सहा इंची, गजांपासून १२ फुटांवर, आणि गज भिंतीपासून ३ फूट पुढे. हिशेब करून पाहा: सावलीच्या कडेचा धूसर पट्टा म्हणजे भिंगाची रुंदी गुणिले गज-ते-भिंत अंतर, भागिले दिवा-ते-गज अंतर. सहा गुणिले तीन भागिले बारा म्हणजे दीड इंच. आमचा गज एक इंचाचा पीव्हीसी पाइप, काळा रंगवलेला, त्यामुळे खरी काळी सावली उरलीच नाही. गज भिंतीपासून ९ इंचांवर आणले, धूसर पट्टा पाऊण इंचाच्याही निम्मा झाला आणि कडा सुरीने कापल्यासारखी आली. अशा भिंगाच्या दिव्याला (फ्रेनेलला) झोत एकवटलेल्या स्पॉटपेक्षा झोत पसरलेल्या फ्लडवर सावली तीक्ष्ण मिळते, आणि भिंग काढून टाकलं तर त्याहून तीक्ष्ण. तेवढ्यासाठी मोठा दिवा मागवू नका. पाइपची चौकट आर्टवाल्यांनी ९०० रुपयांत केली आणि सात दृश्यांत तीच फिरवली.

विजेचा हिशेब लेखी करा. जुन्या जागेतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर किलोवॅटचा एक बेबी जेमतेम चालतो, दोन लावले की वायर तापते. आम्ही इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची नवी लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी टाकून घेतला, ६,५०० रुपये. जनरेटर टाळला: भाडं वाचलं आणि आवाजही. कधीही दोन बेबी आणि चार एलईडी ट्यूबपेक्षा जास्त काही लावलं नाही. बाकी सगळं कटरचं (उजेड अडवणाऱ्या पट्ट्यांचं) आणि काळ्या कापडाचं काम. कॅमेरा २४ फ्रेमवर असेल तर शटर १७२.८ अंशांवर ठेवा, म्हणजे एक पन्नासांश सेकंद. १८० अंशांवर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरच्या जुन्या ट्यूबलाइट फडफडतात, आणि ते छोट्या मॉनिटरवर दिसत नाही, थेट एडिटमध्ये दिसतं.

४२ फुटांचा कॉरिडॉर पडद्यावर लांबच लांब हवा होता. शेवटच्या १४ फुटांत दोन्ही बाजूंना प्लायचे फ्लॅट (खोट्या भिंतीचे तुकडे) तिरके लावून रुंदी सातवरून पाच फुटांवर आणली, वर कापड ताणून छत दहावरून आठ फुटांवर उतरवलं आणि शेवटचा दरवाजा पाच फुटांचा केला. १८ मिमीच्या लेन्सवर तो कॉरिडॉर ७० फुटांचा वाटतो. अट एकच: मागच्या टोकाला उंच माणूस गेला की फसवणूक उघडी पडते. जमिनीवर पांढऱ्या टेपची रेघ मारली, पुरुष कलाकारांनी तिच्यापुढे जायचं नाही. टोकाला उभी असणारी सिस्टर चार फूट दहा इंचांची कलाकार होती. फरशी प्रत्येक वाइडच्या (पूर्ण जागा दाखवणाऱ्या शॉटच्या) आधी ओली करायची, दारातला उजेड खाली दुप्पट दिसतो. त्यासाठी पोछा धरलेला माणूस कॉलशीटवर नावानिशी हवा, नाहीतर ऐनवेळी कुणीच सापडत नाही.

धुराबद्दल थोडं. १९७९ चा अधीक्षक आणि हवालदार सिगारेट ओढणारच, आणि नॉयरमध्ये धूर हवाच. पण तंबाखूचं दृश्य आलं की चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्याला ३० सेकंदांची आरोग्यफीत, २० सेकंदांचा दृक्‌श्राव्य इशारा, आणि त्या दृश्यात खाली सतत वैधानिक इशाऱ्याची पट्टी दाखवावी लागते. काळ्या फ्रेमच्या तळाशी पांढरी पट्टी आली की डोळा तिथेच जातो. आम्ही सिगारेट पटकथेतूनच काढली. त्याजागी चहाची वाफ, स्टरिलायझरची वाफ आणि भाड्याचं हेझर (हवेत पातळ धुकं सोडणारं यंत्र), रात्रीला अडीच हजार. हेझचं प्रमाण सांभाळायला एक सहायक नेमा, पंखे बंद ठेवा आणि दर ४० मिनिटांनी दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढा. दम्याचा त्रास कुणाला आहे हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, लाइटमन स्वतःहून सांगत नाहीत.

चित्रीकरण २ डिसेंबरला सुरू झालं, १७ ला संपलं. ६ तारखेला सुट्टी ठेवली, युनिटमधले कितीतरी जण चैत्यभूमीला जातात आणि दादरच्या बाजूने गाड्या हलत नाहीत. आणखी एक सुट्टी मध्ये, एकूण १४ रात्री. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो, खिडक्यांना काळं कापड न लावता काम होतं.

जागेपासून मध्य रेल्वेचा मार्ग तीनशे मीटरवर. शेवटच्या लोकल गेल्यावर पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंतचा अडीच तासांचा शांत पट्टा आम्ही दोन रात्री आधी जाऊन मोजला होता, साधारण सव्वा ते पावणेचार. मधूनच मालगाडी येते, ती धरून चालायची. संवादांची सगळी दृश्यं त्या अडीच तासांत बसवली. त्याआधी चालणं, फाइल शोधणं, किल्ल्या, जिना. त्यानंतर क्लोजअप आणि इन्सर्ट. पॅकअप पाचला, म्हणजे लोकल चालू झालेल्या असतात. तरी युनिटमधल्या स्त्रियांना गाडीनेच सोडलं, त्याचे एक लाख दहा हजार पहिल्या बजेटमध्येच धरा, ते नंतर सापडत नाहीत. पहारेकऱ्याच्या खोलीतला फ्रिज आवाजासाठी बंद करावा लागे. साउंडवाल्यांनी गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे जाताना चालू करायचं विसरत नाही. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची घरघरही माइकमध्ये येते. पट्टी तीच ठेवून चोक काढला आणि आत एलईडी ट्यूब बसवली.

रुग्णांच्या भूमिकेतले ११ कलाकार हा या चित्रपटाचा कणा. चित्रीकरणाआधी दोन दिवस एका मनोविकारतज्ज्ञांसोबत कार्यशाळा घेतली, आणि सगळ्या खर्चात तोच सर्वांत सार्थकी लागला. त्यांनी पहिल्याच तासात सांगितलं की हसणं, किंचाळणं, डोळे गरगर फिरवणं हे सगळं सोडा. वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेली माणसं बहुतेक गप्प असतात. त्या काळातल्या क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांनी अंग ताठरतं, पाय न उचलता घासत चालणं येतं, बोटं गोळी वळल्यासारखी थरथरतात, ओठ आपोआप हलत राहतात. कलाकारांनी ते शिकून घेतलं. एक काका, वयाने सत्तरीचे, डबा उघडताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरवत राहिले. कॅमेरा चालू नव्हता, तरी आम्ही सगळे थांबून पाहत राहिलो. तो हात पुढे क्लोजअपमध्ये घेतला. प्रत्येकाला केसपेपर दिला होता: नाव, गाव, दाखल झाल्याचं वर्ष, शेवटचं कोण भेटायला आलं. फ्रेमच्या कोपऱ्यातल्या माणसालाही आपण कोण ते माहीत असलं की तो 'वेड्याची ॲक्टिंग' करत नाही.

पट्ट्याने बांधण्याचं एकच दृश्य आहे. गाठ एका ओढीत सुटणारी, पलंगाखाली कात्री, कलाकाराने सांगायचा शब्द ठरलेला, आणि एका टेकमध्ये चार मिनिटांच्या वर नाही. मनगटाला मुंग्या येतात तेव्हा नट भूमिकेच्या भरात बोलत नाही, घड्याळ सहायकाने बघायचं. झटक्यांचं दृश्य बंद दाराबाहेरून घेतलं: स्टीलच्या ट्रेचा आवाज, एक स्विच, आणि कॉरिडॉरमधला दिवा किंचित मंदावतो. डिमर फिरवण्यापलीकडे त्याला खर्च नाही.

चौथ्या रात्रीची एक चूक मात्र महागात पडली. कॉरिडॉरच्या सर्वोत्तम टेकमध्ये मागून एक मांजर शांतपणे आडवं गेलं. सगळ्यांना आवडलं, ठेवलं. प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाच्या आधी घ्यायची असते, आणि सेन्सॉरकडे त्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. भटकं मांजर आपण आणलं नव्हतं, हा बचाव कागदावर मांडता येत नाही. मे महिन्यात, साउंड मिक्स झाल्यावर हे लक्षात आलं. तो शॉट बदलून दुसरा टेक टाकला, मिक्सचं एक रीळ पुन्हा करावं लागलं, २२ हजार. फ्रेममध्ये कुत्रं, मांजर, कबूतर काहीही दिसलं तर त्याच रात्री एक निखळ टेक घेऊन ठेवा.

पोस्टला, म्हणजे चित्रीकरणानंतरच्या कामाला, सहा महिने लागले. अंधाराच्या चित्रपटाला दहा बिटच्या (बिट जास्त, तितक्या छटा बारीक) खाली रेकॉर्ड करू नका, भिंतीवरच्या उतरत्या सावलीत पायऱ्या पडतात. डीआयमध्ये हलकी ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाकल्यावर त्या बऱ्याच झाकल्या जातात.

सेन्सॉरचा अर्ज जूनच्या शेवटी ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावर केला. त्याआधी शीर्षक निर्मात्यांच्या संस्थेकडे नोंदलेलं हवं, आणि त्यासाठी निर्माता सभासद हवा. हे आम्ही चित्रीकरणाआधीच केलं होतं, पहिली दोन नावं दुसऱ्यांकडे नोंदलेली निघाली. अर्जासोबत अंतिम संवादांची पूर्ण संहिता लागते, एडिटनंतरची, पटकथा नव्हे. प्राणी आणि तंबाखूबद्दलची हमीपत्रं जोडा. परीक्षण झालं, एका वाक्यावर विचारणा आली: खलनायक रुग्णांना एक जुनी शिवी देतो. मानसिक अपंगत्व असलेल्यांची टिंगल होऊ नये असं १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. आम्ही अर्ध्या पानाचं लेखी उत्तर दिलं की ते वाक्य बोलणाऱ्याला पुढच्याच दृश्यात सिस्टर थांबवते, आणि ते वाक्य राहिलं. दुसरीकडची एक शिवी मात्र काढली. यूए १६+ मिळालं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत, तेव्हा पोस्टरवर जुनं नुसतं 'यूए' छापून ठेवू नका. प्रमाणपत्राला आता दहा वर्षांची मुदत नसते.

डीसीपी (थिएटरात लावायची चित्रपटाची डिजिटल प्रत) दोन हार्ड डिस्कवर घ्या, दुसरी स्वतःच्या पिशवीत. पहिल्या खेळाच्या आदल्या दिवशी थिएटरात जाऊन दहा मिनिटं लावून पाहा, पुढून, मागून आणि बाहेर जायच्या दाराजवळच्या खुर्चीवरून. दारावरच्या लाल पाटीचा उजेड पडद्यावर सांडत असेल तर काळा रंग गुलाबी दिसतो, वर पुठ्ठ्याची पट्टी लावायला सांगा, लावतात. आवाजाचा फेडर सातवर धरून मिक्स केलेलं असतं, बहुतेक ठिकाणी तो पाचच्या आसपास ठेवलेला असतो. आमच्या शेवटच्या दृश्यात ती बाई दाखल्यावरची तारीख कुजबुजत वाचते. पाचवर ती तारीख ऐकूच येत नव्हती. प्रोजेक्शनवाल्या दादांना संवाद कागदावर लिहून दिला, त्यांनी साडेसहावर आणून ऐकलं आणि फेडरजवळ पेनाने खूण केली.